डोळ्यांखालचा काळा पट्टा आणि पंचाची शिट्टी : लॅक्रॉसमधला एक छोटा नियम, त्यामागचा मोठा प्रश्न

शिवनारायण चंद्रपॉल आठवतोय ना? वेस्ट इंडिजचा तो डावखुरा. स्टंपवरची बेल काढून ती बॅटच्या मुठीनं जमिनीत ठोकून गार्ड घेणारा, बॉलरकडे जवळजवळ छाती करून उभा राहणारा, आणि दोन्ही डोळ्यांखाली काळ्या पट्ट्या चिकटवून खेळायला येणारा. त्या पट्ट्या बघून आपल्याकडे अनेकांनी विचारलं असेल, की हा गडी काजळ लावून येतो की काय! उन्हाची चकाकी डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्या असतात, एवढं समजलं की विषय तिथंच संपायचा.

अमेरिकेत मात्र तो संपला नाही. तिथं या प्रकाराला 'आय ब्लॅक' म्हणतात. फुटबॉल, बेसबॉल आणि लॅक्रॉस या तिन्ही खेळांत तो वर्षानुवर्षं चालत आलाय. डोळ्यांखालचं हे काळं किती असावं, कुठंपर्यंत असावं, त्यावर काही लिहावं की नाही, यावर तिथं नियम झाले. लॅक्रॉसमध्ये तर शाळकरी पोरानं पट्टा चुकीचा ओढला, तर त्याचा भुर्दंड संघाला बसू शकतो. वरवर बघता हे हास्यास्पद वाटतं. पण हा नियम का झाला हे बघत गेलं, की पंचगिरी म्हणजे काय आणि खिलाडूवृत्ती नियमात कशी बसवायची, हा जुना प्रश्न समोर येतो.

या खेळाशी आपला संबंध काय, असं कुणी विचारील. एक संबंध मुंबईचा आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१ वं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार, हा निर्णय तिथंच झाला. आपल्या सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण त्याच ठरावात आणखी चार नावं होती : बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, स्क्वॉश आणि लॅक्रॉस. दुसरा संबंध घरगुती. बेळगाव असो, इंदूर-बडोदा असो की हैदराबाद, अमेरिकेत नोकरीला गेलेला एखादा भाचा-पुतण्या आता बहुतेक घरांत आहे. मेरीलँड, न्यू यॉर्क, न्यू जर्सी या पट्ट्यात त्यांची पोरं शाळेत असतील, तर टोकाला जाळी लावलेली काठी घेऊन पळणारी मुलं व्हिडिओ कॉलवर कधीतरी दिसलेली असतात.

खेळ थोडक्यात असा

लांब काठीच्या टोकाला त्रिकोणी चौकट, त्यात विणलेली जाळी. या जाळीत चेंडू झेलायचा, काठी हलवत तो सांभाळून पळायचं, साथीदाराकडे फेकायचा आणि शेवटी सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलमध्ये मारायचा. चेंडू भरीव रबराचा, वजनाला साधारण १४५ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडासाच हलका. चांगल्या खेळाडूचा फटका ताशी १५० किलोमीटरच्या आसपास जातो. पुरुषांच्या मैदानी खेळात एका बाजूला १० जण असतात. हेल्मेट, तोंडावर लोखंडी जाळी, हातमोजे, खांद्याचे पॅड असा सगळा जामानिमा असतो. विशिष्ट मर्यादेत अंगाला धक्का देता येतो, समोरच्याच्या काठीवर काठीही मारता येते. महिलांच्या खेळात अंगाला धक्का चालत नाही, त्यामुळे साहित्यही कमी असतं : डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि तोंडात माऊथगार्ड.

एक गंमत जाता जाता सांगायला हवी. फटका गोलला न लागता मैदानाबाहेर गेला, तर चेंडू कुणाला मिळतो? फुटबॉलमध्ये शेवटचा स्पर्श कुणाचा ते बघतात. लॅक्रॉसमध्ये फटका मारल्यावर चेंडू रेषेबाहेर गेला त्या क्षणी त्याच्या सगळ्यात जवळ कोण होतं, हे बघतात. म्हणून फटका चुकला रे चुकला की पोरं रेषेकडे जीव तोडून धावतात. दोघं एकदम पोचले, तर कोण वीतभर पुढं होतं हे पंचानं उघड्या डोळ्यांनी, एका क्षणात ठरवायचं. या खेळात पंचाच्या नजरेवर किती भार आहे हे एवढ्यावरून कळेल.

काळं कशासाठी

डोळ्यांखालची त्वचा आणि गालाचं हाड हा भाग उन्हात चमकतो. घाम आला की जास्तच. तिथून परावर्तित झालेला उजेड डोळ्यांत जातो आणि आकाशाकडून येणारा चेंडू क्षणभर पुसट दिसतो. काळा रंग उजेड शोषून घेतो, म्हणून तिथं काळं लावायचं, ही साधी कल्पना. जुन्या पद्धतीचं आय ब्लॅक मेण, पॅराफिन आणि काजळीची पूड यांचं असायचं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघातला अँडी फारकस याचा १९४२ सालचा फोटो या प्रथेच्या सुरुवातीचा पुरावा म्हणून नेहमी दाखवला जातो.

याचा खरंच उपयोग होतो का? येल विद्यापीठातल्या ब्रायन डिब्रॉफ आणि पॅट्रिशिया पाक यांनी ते तपासलं आणि २००३ साली निष्कर्ष छापले. ४६ जणांना उन्हात उभं करून, फिकट-गडद छटांमधला फरक त्यांना किती ओळखता येतो ते मोजलं. तीन गोष्टी वापरून बघितल्या : काळं ग्रीस, बाजारात मिळणारी तयार चिकटपट्टी आणि तुलनेसाठी पेट्रोलियम जेली. ग्रीसनं फरक पडला. चिकटपट्टीनं तसा फरक दिसला नाही.

इथं एक मेख आहे. ज्या चिकटपट्टीचा डोळ्यांना फारसा उपयोग दिसला नाही, तिच्यावरच नाव, आकडा, चित्र छापणं सगळ्यात सोपं. म्हणजे वस्तूचा मूळ उपयोग मागं पडला आणि पाटी म्हणून तिचा उपयोग वाढला. (चंद्रपॉलनं पट्ट्याच लावून ११,८६७ कसोटी धावा काढल्या हेही खरं. त्यात पट्टीचा वाटा किती, हे कोण सांगणार!)

पट्टीवर अक्षरं आली

आय ब्लॅकवर लिहिण्याची टूम लोकप्रिय झाली ती अमेरिकन फुटबॉलमधून. फ्लोरिडा विद्यापीठाचा टिम टीबो जानेवारी २००९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली बायबलमधल्या एका वचनाचा संदर्भ पांढऱ्या अक्षरांत होता : योहानाचं शुभवर्तमान, अध्याय ३, ओवी १६. टीव्हीवर तो चेहरा देशभर दिसला आणि हे वचन काय आहे म्हणून लोकांनी इंटरनेटवर एकच झुंबड उडवली. अनेकांना ते आवडलं, अनेकांना खटकलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात ओहायो स्टेटचा टेरेल प्रायर डोळ्यांखाली 'विक' लिहून उतरला. मायकल विक हा मोठा फुटबॉलपटू; कुत्र्यांच्या झुंजी चालवल्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून तो नुकताच बाहेर आला होता. प्रायरला त्याच्याबद्दल सहानुभूती दाखवायची होती, आणि त्यावर गदारोळ झाला.

आता पंचाच्या जागी उभं राहून बघा. एकाच्या डोळ्यांखाली धर्मवचन, दुसऱ्याच्या डोळ्यांखाली शिक्षा झालेल्या माणसाचं नाव. तिसऱ्यानं वारलेल्या मित्राच्या नावाची आद्याक्षरं लिहिलीत, चौथ्यानं आपल्या गावाचा टेलिफोन कोड, पाचव्यानं समोरच्या संघाला टोमणा. यातलं कुठलं चालू द्यायचं? धर्मवचन चालतं म्हटलं, तर उद्या दुसऱ्या धर्माचं, परवा धर्माविरुद्धचं कुणी लिहून आला तर? श्रद्धांजली चालते म्हटलं, तर कुणाला वाहिलेली? सीमाभागातल्या वाचकाला, पाटीवरच्या एका शब्दावरून आणि तो कुठल्या लिपीत आहे यावरून काय काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए हिनं २०१० मध्ये फुटबॉलपुरता हा गुंता तोडून टाकला. आय ब्लॅकवर शब्द, आकडे, बोधचिन्हं, कुठलीही चिन्हं बंद. चांगला मजकूर, वाईट मजकूर असा भेद नाहीच.

लॅक्रॉसचा नियम

तिथल्या शालेय खेळांचे नियम एनएफएचएस ही राज्य संघटनांची मध्यवर्ती संस्था छापते. मुलांच्या लॅक्रॉसच्या तिच्या नियमांत खेळाडूनं वापरायला बंदी असलेल्या साहित्याच्या यादीतच आय ब्लॅक येतं. ग्रीस असो वा पट्टी, डोळ्यांखालचं काळं हे एकच भरीव फराटा असलं पाहिजे. त्यात शब्द, आकडा, बोधचिन्ह किंवा इतर चिन्ह नको. फराट्याची हद्दही आखून दिलेली आहे : डोळ्याच्या खोबणीच्या रुंदीबाहेर जायचं नाही आणि गालाच्या हाडाखाली उतरायचं नाही.

ही हद्द का आखावी लागली, हे शालेय सामन्यांचे फोटो बघितले की कळतं. अक्षरं बंद झाल्यावर पोरांनी रंगाचा आकार वाढवला. डोळ्यांखालून निघालेला पट्टा गालावरून हनुवटीपर्यंत, कुणाचा अर्धा चेहरा काळा, कुणाच्या गालावर पंजाचे ओरखडे. चकाकीशी त्याचा काही संबंध उरला नाही. हेल्मेटच्या जाळीआडून असा चेहरा दिसला की समोरच्या पोराला धडकी भरावी, हाच त्यातला हेतू. आता कुणी म्हणेल, एवढ्यानं काय बिघडतं? पोरंच ती. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. रंगानं कुणाचं हाड मोडत नाही. पण ज्या खेळात काठी हातात आहे, धक्का कायदेशीर आहे आणि खेळणारा १५-१६ वर्षांचा आहे, तिथं मैदानात उतरतानाच मारामारीचा आव आणून उतरणं मोडून काढावं, असा विचार नियम करणाऱ्यांनी केला असेल तर तोही समजण्यासारखा आहे.

नियमाची भाषाही बघण्यासारखी. 'आक्षेपार्ह रंगरंगोटी करू नये' असं लिहिलं असतं, तर आक्षेपार्ह म्हणजे काय यावर दर सामन्यात वाद झाला असता. 'भरीव फराटा, खोबणीच्या आत, हाडाच्या वर' असं लिहिल्यावर पंचाला मजकुराचा अर्थ लावत बसायची गरज उरली नाही, नुसतं बघायचं. जमीन मोजणीत जसे दगड रोवतात तसं. हेतू शुद्ध होता की नव्हता, याच्याशी दगडाला देणंघेणं नसतं.

याची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अपघातात गेलेल्या साथीदाराचा जर्सी क्रमांक डोळ्यांखाली लिहून खेळू पाहणारा मुलगा आणि प्रतिस्पर्ध्याला शिवी लिहिणारा मुलगा या नियमापुढं सारखेच. पहिल्याला पंचानं 'पुस' म्हणणं पंचालाही जड जातं. मग अशी आठवण हेल्मेटवरच्या स्टिकरनं किंवा जर्सीवरच्या पट्टीनं, आधी परवानगी घेऊन जपायची, असा मार्ग संघ काढतात.

मिनिटांचा हिशेब

लॅक्रॉसमध्ये चुकांची दोन खाती आहेत. पहिलं तांत्रिक चुकांचं : ढकलणं, धरून ठेवणं, ऑफसाइड, वाट अडवणं. यात चेंडू जातो किंवा ३० सेकंद बाहेर बसावं लागतं. दुसरं वैयक्तिक चुकांचं : काठीनं सपासप मारणं, पाडणं, दोन्ही हातांत धरलेल्या काठीच्या दांड्यानं रेटणं, नियमबाह्य धक्का, नियमबाह्य साहित्य वापरणं आणि खिलाडूवृत्तीला न शोभणारं वर्तन. यात १ ते ३ मिनिटं बाहेर. वैयक्तिक चुकांची मिनिटं एकाच खेळाडूच्या नावावर ५ झाली, की तो त्या सामन्यातून बाद.

शिक्षा खेळाडूला होते, पण भरतो संघ. त्याच्या जागी दुसरा येत नाही. बचावाला सहाऐवजी पाच जण उरतात आणि समोर सहा. शालेय सामना १२ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे एकूण ४८ मिनिटांचा. त्यात एक मिनिट एक माणूस कमी, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण सहा विरुद्ध पाच असताना मोकळा माणूस शोधायला सराईत संघाला १५-२० सेकंद पुरतात.

त्यातही एक पोटनियम आहे. साध्या शिक्षेत समोरच्यानं गोल केला की बाहेर बसलेला लगेच परत येतो; कर्ज फिटलं, खातं बंद. खिलाडूवृत्तीविरुद्धच्या वर्तनाची शिक्षा मात्र तशी सुटत नाही. एक गोल झाला, दोन झाले, तरी वेळ पूर्ण भरावीच लागते. पंचाशी हुज्जत घालणं, शिवीगाळ, गोल केल्यावर समोरच्याच्या तोंडावर जाऊन चिडवणं, भांडण व्हावं म्हणून मुद्दाम डिवचणं, हे सगळं त्यात येतं. चुकून पाय आडवा आला त्यापेक्षा तोंडानं केलेला अपमान या हिशेबात महाग पडू शकतो. खेळ सांभाळणाऱ्यांना कशाची भीती जास्त वाटते हे त्यावरून दिसतं.

पंच शिट्टी लगेच वाजवतोच असंही नाही. बचाव करणाऱ्यानं चूक केली आणि चेंडू आक्रमण करणाऱ्यांकडेच असला, तर पंच पिवळा फडका हवेत टाकतो, ओरडून सांगतो आणि खेळ चालू ठेवतो. चेंडू हातचा जाईपर्यंत किंवा फटका मारून होईपर्यंत थांबतो, मगच शिट्टी. चूक करणाऱ्याला आपल्याच चुकीचा फायदा मिळू नये, हा त्यातला विचार. नव्यानं बघणारा हमखास गोंधळतो : फडका पडला, पण खेळ का थांबला नाही?

काळ्या पट्ट्याच्या बाबतीत मात्र शहाणा पंच फडक्यापर्यंत जाऊच देत नाही. सामन्यापूर्वी मुख्य पंच दोन्ही प्रशिक्षकांना विचारतो, तुमचे सगळे खेळाडू नियमानुसार साहित्य घालून आहेत ना? प्रशिक्षक 'हो' म्हणतो. हा उपचार नाही. आयकर विवरणपत्राखालच्या सत्यापनावर सही करण्यासारखं आहे ते : यापुढं चूक निघाली तर 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. त्याच वेळी रांगेत उभ्या पोरांच्या चेहऱ्यांवरून पंचाची नजर फिरते. कुणाचा पट्टा हनुवटीला टेकलाय असं दिसलं, तर तो प्रशिक्षकाला बाजूला घेऊन म्हणतो, तेवढं पुसायला सांगा. ओला रुमाल, दोन मिनिटं, विषय संपला. फडका टाकायची वेळ येते ती 'पुसतो' म्हणून न पुसल्यावर.

काठीचं तसं नाही. जाळी नियमापेक्षा खोल असली की चेंडू तिच्यातून पटकन पडत नाही, म्हणजे फायदा सरळ-सरळ. काठी आडवी धरून चेंडू जाळीत ठेवायचा. चेंडूचा वरचा भाग चौकटीच्या खालच्या कडेच्याही खाली गेला, तर काठी बाद. पंच सामन्यात अचानक काठ्या तपासायला मागतात. काही स्पर्धांत समोरच्याच्या काठीची तपासणी प्रशिक्षकालाही मागता येते. यावर लॅक्रॉसवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, नियम तो नियम. दुसरा म्हणतो, दिवसभर गप्प बसून शेवटच्या दोन मिनिटांत, हरत असताना तपासणी मागणं हे खिलाडूपणात बसत नाही. नॉन-स्ट्रायकरला क्रीझबाहेर धावबाद करण्यावरून आपल्याकडे जो वाद होतो, त्याचाच हा भाऊ.

शिट्टी वाजवायला माणूस हवा

नियम कितीही चोख असला तरी तो राबवायला माणूस लागतो, आणि अमेरिकेत आज अडचण तिथंच आहे. २०१८-१९ च्या हंगामानंतर सगळे खेळ मिळून सुमारे ५०,००० शालेय पंच कमी झाले, असं एनएफएचएसनं सांगितलं. त्यात कोविडचा वाटा होताच, पण सोडून जाणाऱ्यांची मोठी तक्रार शिवीगाळीची होती. तिथल्या पंचांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली १७,००० हून अधिक पंचांची पाहणी केली होती. मैदानावरच्या वागण्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाकडून होतो, या प्रश्नावर सुमारे ४० टक्के पंचांनी पहिलं नाव घेतलं ते पालकांचं. प्रशिक्षक त्यानंतर. खेळाडू बरेच खाली.

पोराच्या डोळ्यांखालचा पट्टा पुसायला सांगितल्यावर पोरगा निमूट पुसतो. कुंपणापलीकडून आवाज चढतो तो बापाचा. आपल्याकडच्या शालेय कबड्डी-खोखोच्या मैदानांवर फिरलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पंचांची संख्या घटली की सामना पुढं ढकला, तीनऐवजी दोघांवर भागवा, नवख्याला लवकर उतरवा, हे ओघानं येतं. काठी हातात असलेल्या खेळात नवखा पंच उतरला, की खरी जोखीम पोरांच्या अंगावर येते.

चेहरा कुणाचा, खेळ कुणाचा

लॅक्रॉस हा गोऱ्यांनी शोधलेला खेळ नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा तो. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हॉडेनोशोनी संघ त्याला निर्मात्यानं दिलेला खेळ मानतो. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जातो. चित्रकार जॉर्ज कॅटलिननं १८३४ मध्ये चोक्तॉ लोकांचा असाच चेंडूचा खेळ बघितला. त्यातल्या एका नामवंत खेळाडूचं त्यानं काढलेलं चित्र आजही आहे : कमरेला घोड्याच्या केसांची शेपटी, मानेभोवती आयाळ, हातात काठ्या. तिथला पोशाखसुद्धा खेळाचाच भाग होता. कॅटलिननं आणखी एक गोष्ट नोंदवली. निवाडा करायला चार वृद्ध वैदू नेमलेले होते. चेंडू टाकायच्या जागी ते बसले होते आणि आपल्या हातून न्याय नि:पक्षपाती व्हावा म्हणून चिलीम ओढत थोर आत्म्याची प्रार्थना करत होते. जाळीचे हेल्मेट आणि पट्टेरी शर्ट यायच्या कितीतरी आधीपासून पंचाच्या कामाचं ओझं हे लोक ओळखून होते.

१८६७ मध्ये माँट्रियलचा दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यानं या खेळाचे लेखी नियम केले. १८८० मध्ये कॅनडाच्या संघटनेनं फक्त हौशी खेळाडूंनाच जागा, असं ठरवलं. मूळ रहिवासी खेळाडूंना प्रवासखर्चासाठी पैसे घ्यावे लागत, म्हणून ते व्यावसायिक ठरले आणि आपल्याच खेळाच्या अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर पडले. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता. फटका कुणाला बसला ते उघड आहे.

म्हणून या खेळात कुणाच्या दिसण्यावर बोट ठेवणं वाटतं तेवढं सोपं नाही. जानेवारी २०१९ मध्ये व्यावसायिक लीगच्या एका सामन्यात, फिलाडेल्फियाला, ओनोंडागा खेळाडू लाइल थॉम्पसनच्या लांब वेणीवरून मैदानातल्या निवेदकानंच ध्वनिक्षेपकावरून ती कापण्याची भाषा केली. ती वेणी त्याच्या समाजाची ओळख आहे. लीगनं माफी मागितली, निवेदकाचं काम गेलं. खेळाडूंच्या वर्तनाचे नियम पानोपानी लिहिलेले. इथं मर्यादा सोडली ती ध्वनिक्षेपक हातात असलेल्या माणसानं.

दुसरी बाजूही याच खेळात दिसली. २०२२ च्या वर्ल्ड गेम्ससाठी हॉडेनोशोनी संघाला आधी वगळलं होतं. कारण त्यांची मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही. वास्तविक २०१८ च्या जागतिक स्पर्धेत तो संघ तिसरा आला होता. २०२० मध्ये आयर्लंडच्या संघानं आपली मिळालेली जागा सोडली, आणि ती हॉडेनोशोनींना मिळाली. आयर्लंडवर तशी सक्ती करणारा कुठलाही नियम नव्हता.

लॉस एंजेलिसमध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांनी हॉडेनोशोनींना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं अशी जाहीर भूमिका घेतली. ऑलिंपिक समितीनं मात्र राष्ट्रीय समितीची अट पुढं केली आणि या खेळाडूंना अमेरिका किंवा कॅनडाकडून खेळता येईल, असं सांगितलं. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या लोकांचा पासपोर्टही स्वतःचा आहे. तो ब्रिटननं मान्य केला नाही म्हणून २०१० ची मँचेस्टरची जागतिक स्पर्धा त्यांच्या हातून गेली होती.

ऑलिंपिकमधला प्रकार 'सिक्सेस' नावाचा आहे : प्रत्येक बाजूला गोलकीपर धरून सहा जण, ८ मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू मिळाल्यावर ३० सेकंदांत फटका मारायची सक्ती. पुरुष आणि महिला, दोन्हीकडे सहा-सहा संघ. सामना एकूण ३२ मिनिटांचाच असल्यानं एक माणूस अर्ध्या मिनिटासाठी बाहेर बसला, की समोरच्या संघाची एक अख्खी चाल त्याच्याविना खेळावी लागते. टीव्हीवर बघताना फडका पडला की चेंडूकडे बघायचं सोडून थोडं पंचाकडे बघावं : त्याचा हात कुठं आहे, तो थांबलाय का, आणि शिट्टी कधी वाजते.